कँडिड

कँडिड : आडपडदा न ठेवता, पण समोरच्याला दुखावण्याचा हेतूही न बाळगता बोलणारा (माणूस) किंवा तसे बोललेले (मत, कबुली, उत्तर), या अर्थाचे इंग्रजी विशेषण. मराठी पर्यायांत ‘प्रांजळ’ सर्वांत जवळचा. ‘स्पष्टवक्ता’ ब्लंटकडे (रोखठोक, बोचरे बोलण्याकडे) झुकतो. नाम कँडर.

मूळ लॅटिन ‘कांदिदुस’ म्हणजे झळझळीत पांढरा. निस्तेज पांढऱ्याला ‘आल्बुस’ हा वेगळा शब्द होता. क्रियापद ‘कांदेरे’, झळकणे. कँडल, कँडिडेट हे शब्द याच कुळातले. रोममधील उमेदवार खडूने उजळवलेला टोगा (अंगाभोवती गुंडाळायचे रोमन वस्त्र) घालून मते मागत. या उजळवण्यावर इ. स. पू. ४३२ च्या सुमारास बंदी आल्याचे रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. इतक्या जुन्या काळाबद्दलचे त्याचे तपशील मात्र जपूनच घ्यावे लागतात.

संस्कृत ‘चंद्र’ (मूळ अर्थ तेजस्वी) हा याच इंडो-युरोपीय धातूचा. त्याचे जुने रूप ‘श्चंद्र’ हे ‘हरिश्चंद्र’ या नावात टिकले आहे. पाणिनी (६.१.१५३) तेथील श-कार आगम (नंतर जोडलेला वर्ण) मानून निपाताने (अपवादात्मक तयार रूप म्हणून) सिद्ध करतो, तुलनात्मक भाषाशास्त्र तो मूळचाच धरते आणि वैदिक रूपे पाहता तेच अधिक पटते. सत्यवचनी राजाच्या नावात हा धातू यावा, हा अर्थात योगायोग. ‘चंदन’ही काही जण येथेच जोडतात, पण त्याचे मूळ द्राविडी असण्याची शक्यता जास्त.

इंग्रजीत सतराव्या शतकात ‘पांढरा’ हा अर्थही आढळतो. पुढे निष्कलंक, मग निःपक्षपाती असा अर्थ सरकत गेला. अठराव्या शतकातील ‘कँडिड’ माणूस दुसऱ्याचे दोष दाखवणारा नव्हे, तर त्याच्याबद्दल चांगलेच गृहीत धरणारा असे. आजचा अर्थ लावून वाचल्यास त्या काळचे वाक्य नेमके उलटे लागते. फ्रेंच ‘कांदीद’ आजही भाबडाच; व्हॉल्तेअरच्या ‘कांदीद’ (१७५९) या कथेचा नायक त्याच अर्थाने.

वापरताना व्यक्तीसाठी ‘विथ’, विषयासाठी ‘अबाउट’ : ‘शी वॉज कँडिड विथ मी अबाउट द डेट’. ‘टू मी’ ही मराठी ‘मला’वरून होणारी चूक. साखरेत पाकवलेल्या आल्याचे ‘कँडीड’ हे विशेषण वेगळे; उच्चार जवळजवळ तोच, म्हणून स्पेलिंग चुकते.

छायाचित्रणातील अर्थ (पोज न देता, सहज टिपलेले) विसाव्या शतकातला. जर्मन छायाचित्रकार एरिख सालोमोनने १९२८ पासून एर्मानॉक्स कॅमेऱ्याने, फ्लॅशशिवाय, न्यायालये व राजकीय बैठका टिपल्या. मराठी लग्नात ‘कँडिड’ हे आता नामच झाले आहे : ‘दोन कँडिडवाले, एक ट्रॅडिशनल’. ‘जरा कँडिड पोज द्या’ ही सूचना तिथे सर्रास ऐकू येते.