नाताळचे चित्रपट

नाताळचे चित्रपट : नाताळच्या दिवसांत घडणारे, किंवा नाताळ आला की दरवर्षी आवर्जून पाहिले जाणारे चित्रपट. ही दोन वर्णने नेहमी एकाच चित्रपटाला लागू पडतात असे नाही. नाताळवर बेतलेले असंख्य चित्रपट एका हंगामात विसरले गेले, तर ज्यांच्या कथेत नाताळचा मागमूसही नाही असे काही चित्रपट सणाचाच भाग होऊन बसले. चित्रपट नाताळचा ठरतो तो पुन्हा पुन्हा पाहिला गेल्याने, आणि तो पुन्हा पुन्हा दाखवण्याचे काम मुख्यतः दूरचित्रवाणीने केले.

विषय मात्र सिनेमाइतकाच जुना आहे. ब्रिटनमध्ये जॉर्ज अल्बर्ट स्मिथ यांनी १८९८ मध्ये ‘सांता क्लॉज’ हा जेमतेम मिनिटभराचा मूकपट केला. झोपलेली मुले आणि छपरावर उतरणारा सांता ही दोन्ही दृश्ये त्यात एकाच चौकटीत दिसतात. त्या काळाच्या मानाने ही करामत थक्क करणारी होती. चार्ल्स डिकन्स यांच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’ (१८४३) या कादंबरिकेवरील आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना चित्रपट १९०१ चा आहे. कवडीचुंबक स्क्रूजला एका रात्रीत भुते भेटतात, त्याचा भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य दाखवतात आणि सकाळी तो माणसात येतो, ही ती कथा. पुढे तिची रूपे निघतच राहिली. अनेक जाणकारांना १९५१ मधला ॲलस्टर सिम यांचा स्क्रूज सर्वांत पसंत आहे. १९९२ मध्ये मायकल केन यांनी मपेट बाहुल्यांच्या गोतावळ्यात हीच भूमिका अगदी गंभीर चेहऱ्याने केली, आणि तो चित्रपटही आता आवडत्यांच्या यादीत आहे.

डिकन्स यांच्या कथेने पुढच्यांना साचाही दिला : आतून आटलेला किंवा एकटा पडलेला माणूस, थोडा चमत्कार, आणि शेवटी उघडलेले दार. येशूच्या जन्माची कथा या चित्रपटांत क्वचितच असते. वरवर रोषणाई आणि गाणी असली, तरी यांतल्या टिकाऊ चित्रपटांचा खरा विषय एकटेपणा आहे. बिली वाइल्डर यांच्या ‘द अपार्टमेंट’मध्ये (१९६०) नायिका नाताळच्या आदल्या संध्याकाळी झोपेच्या गोळ्या घेते. घरी एकटाच राहिलेला छोटा मुलगा चोरांना पिटाळून लावतो अशा ‘होम अलोन’सारख्या (१९९०) धमाल विनोदी चित्रपटातही स्वतःच्या मुलाशी बोलणे तुटलेला म्हातारा शेजारी आहे, आणि चर्चमधले त्याचे दृश्य काढून टाकले तर उरतात ती फक्त चोरांची आपटबार.

हॉलिवूडमध्ये या प्रकाराला बहर आला तो १९४० च्या दशकात. ‘हॉलिडे इन’मध्ये (१९४२) बिंग क्रॉस्बी यांनी गायलेले अर्व्हिंग बर्लिन यांचे ‘व्हाइट ख्रिसमस’ हे गाणे युद्धामुळे घरापासून दूर असलेल्या सैनिकांनी उचलून धरले. त्याला ऑस्कर मिळाले आणि १९५४ मध्ये त्याच नावाचा चित्रपटही निघाला. ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ (१९४७) तर उन्हाळ्यात लोक जास्त चित्रपट पाहतात या हिशेबाने नाताळच्या कित्येक महिने आधी प्रदर्शित झाला, आणि जाहिरातीत नाताळचा उल्लेख शक्यतो टाळला गेला. आपणच खरा सांता असे न्यायालयात ठरवून घेणाऱ्या म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी एडमंड ग्वेन यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले.

या सगळ्यांत फ्रँक काप्रा यांच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ची (१९४६) कहाणी वेगळी आहे. तिचे बीज फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न यांच्या एका छोट्या गोष्टीत आहे. प्रकाशक मिळेना म्हणून १९४३ मध्ये त्यांनी ती छापून नाताळच्या शुभेच्छा म्हणून परिचितांना पाठवली होती. लहान गावात अडकून पडलेला जॉर्ज बेली (जेम्स स्ट्यूअर्ट) नाताळच्या आदल्या रात्री जीव द्यायला पुलावर जातो आणि एक देवदूत त्याला तो जन्मलाच नसता तर जग कसे असते ते दाखवतो. चित्रीकरण ऐन उन्हाळ्यात झाले. तोवर पडद्यावरच्या बर्फासाठी पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरत. ते पायाखाली इतके कुरकुरत की संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. या चित्रपटासाठी आग विझवण्याचा फेस, साबण आणि पाणी यांपासून आवाज न करणारा बर्फ तयार करण्यात आला. चित्रपटाला पाच ऑस्कर नामांकने मिळाली, पण हाती आला तो या बर्फाबद्दलचा तांत्रिक पुरस्कार. तिकीटबारीवर चित्रपट तोट्यात गेला.

त्याचे नशीब पालटले ते एका कागदपत्रामुळे. स्वामित्वहक्काची पहिली २८ वर्षांची मुदत संपताना त्याचे नूतनीकरण राहून गेले आणि १९७४ पासून दूरचित्रवाणी केंद्रांना तो मानधन न देता दाखवता येऊ लागला. फुकट मिळालेला चित्रपट केंद्रांनी डिसेंबरभर मनमुराद दाखवला आणि एका पिढीला तो तोंडपाठ झाला. मूळ गोष्ट आणि संगीत यांवरच्या हक्कांच्या आधारे १९९३ मध्ये रिपब्लिक पिक्चर्स या कंपनीने हे प्रक्षेपण आवरले, पण तोवर त्याची जागा पक्की झाली होती. हक्क वेळेवर नूतनीकृत झाले असते, तर आज तो केवळ काप्रांच्या अभ्यासकांपुरता उरला असता, असे मानायला जागा आहे.

इतर देशांतही दूरचित्रवाणीने हेच केले. स्वीडनमध्ये २४ डिसेंबरला दुपारी तीन वाजता डोनाल्ड डकचा डिस्ने कार्यक्रम लागतो आणि घरची कामे त्याभोवती आखली जातात. नॉर्वेत त्याच दिवशी सकाळी ‘थ्री विशेस फॉर सिंड्रेला’ (१९७३) हा चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनी यांचा संयुक्त चित्रपट दाखवतात. कथेत नाताळ नाही, बर्फ मात्र भरपूर आहे. नॉर्वेजियन आवृत्तीत सिंड्रेलापासून सावत्र आईपर्यंत सगळ्यांचे संवाद एकाच पुरुषाच्या आवाजात आहेत, आणि प्रेक्षकांना तेच हवे असते. पोलंडमध्ये ‘होम अलोन’ला हा मान आहे, २०१० मध्ये वाहिनीने तो न दाखवायचे ठरवताच प्रेक्षकांनी गहजब केला आणि तो पुन्हा लावावा लागला.

‘डाय हार्ड’ (१९८८) हा मारधाडपट नाताळचा की नाही, हा वाद दर डिसेंबरला नव्याने रंगतो. गोळीबार नाताळच्या मेजवानीत होतो, पण चित्रपट प्रदर्शित झाला जुलैमध्ये. नायक ब्रूस विलिस यांनी २०१८ मध्ये एका विनोदी कार्यक्रमात नकारार्थी निकाल दिला. चाहत्यांनी तो मानला नाही, आणि पुन्हा पुन्हा पाहिले जाण्याच्या कसोटीवर चाहत्यांचेच बरोबर आहे.

अलीकडे अमेरिकेतील हॉलमार्क वाहिनी दर हंगामात कितीतरी नवे, एकमेकांसारखे प्रेमपट आणते : शहरातली नोकरदार नायिका, लहान गाव, साधा नायक. ते पाहणाऱ्यांना शेवट ठाऊक असतोच. स्ट्रीमिंग सेवांनीही हाच मार्ग धरला, तरी त्यांतून ‘क्लाउस’सारखा (२०१९) हाताने रेखाटल्यासारखा सुंदर ॲनिमेशनपटही आला. जपानमध्ये ख्रिस्ती लोकसंख्या अगदी थोडी असूनही सातोशी कोन यांनी ‘टोकियो गॉडफादर्स’ (२००३) केला. नाताळच्या रात्री तीन बेघर माणसांना कचऱ्यात एक तान्ही मुलगी सापडते आणि तिच्या आईबापांच्या शोधात ती शहर पालथे घालतात.