पायजमा

पायजमा हे कमरेला नाडीने बांधायचे, दोन्ही पायांना स्वतंत्र नळ्या असलेले, शिवलेले आणि बहुधा सैल असे वस्त्र आहे. शब्द फार्सी. ‘पाय’ म्हणजे पाय आणि ‘जामा’ म्हणजे वस्त्र. यातला पहिला तुकडा ऐकणाऱ्याला मराठीच वाटतो, आणि त्यात अगदीच चूक नाही. मराठी ‘पाय’ संस्कृत ‘पाद’वरून प्राकृतातून आला, फार्सी ‘पाय’ इराणी भाषांतून उतरला. दोघांचे मूळ मात्र एकच आहे.

दुसऱ्या तुकड्याने मराठीत अधिक संसार मांडला. मोगल काळात ‘जामा’ हे एका विशिष्ट पोशाखाचे नाव होते: वर अंगाबरोबर बसणारा, कमरेखाली घेर असलेला, बगलेपाशी बंदांनी बांधायचा लांब अंगरखा. हिंदू तो डाव्या बाजूला बांधत आणि मुसलमान उजव्या, त्यामुळे जुन्या चित्रांतली माणसे ओळखताना अभ्यासक आधी बंद पाहतात. जाम्याच्या आत घालायचा आखूड ‘निमा’ त्याला जोडून ‘जामानिमा’ झाला. वस्त्रे गेली तरी सगळा जामानिमा करून लग्नाला निघणे चालूच आहे. वस्त्रे आणि मौल्यवान चिजा ठेवायची जागा तो जामदारखाना, त्यावरचा अधिकारी जामदार. हे आडनाव आजही आहे. एका जाम्यापुरत्या कापडावरून ‘जामेवार’ हे नक्षीदार कापडाचे नाव पडले.

अकबराला कपड्यांची नावे बदलण्याचा नाद होता. अबुल फज्लच्या ‘आईन-इ-अकबरी’त त्याची यादीच आहे. जाम्याला त्याने ‘सर्बगाती’, म्हणजे सर्व अंग झाकणारा, असे नाव दिले आणि इजारीला, म्हणजे विजारीला, ‘यार-पीराहन’, म्हणजे अंगरख्याचा सोबती. दुसरे नाव फारच गोड आहे, पण बादशहाचे असूनही ते रुजले नाही.

‘इजार’ हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ कमरेभोवती गुंडाळायचे न शिवलेले कापड. हज यात्रेत पुरुष नेसतात त्या खालच्या वस्त्राला आजही इजारच म्हणतात. फार्सीतून हिंदुस्थानात येईपर्यंत ती शिवली गेली, तिला दोन पाय फुटले आणि मराठीत ती विजार झाली. नाडीला उर्दूत ‘इजारबंद’ म्हणतात तो यामुळेच. फार्सी ‘शलवार’ उत्तरेत सलवार झाली, मराठीत सुरवार. ‘तुमान’ही फार्सीतूनच आली. मराठेशाहीतल्या घोडेस्वाराला धोतरापेक्षा विजार, सुरवार सोयीची होती, त्यामुळे हे वस्त्र मराठी मुलखाला नवे नव्हते. लेंगा हा शब्द मात्र परप्रांतीयांना चकवतो. हिंदीत लहँगा म्हणजे बायकांचा घोळदार घागरा. मराठीत लेंगा पुरुषाचा, पांढरा, आणि खेड्यात बहुधा टोपीच्या जोडीने दिसणारा. आता लग्नाच्या दुकानांत हिंदीतला ‘लेहंगा’ही येऊन बसला आहे, आणि एकाच गल्लीत दोघांचीही विक्री होते.

शिवणीत पायजम्याचे गणित साधे आहे. वर नाडी ओवायचा नेफा, मध्ये मांडी घालून बसता यावे म्हणून सैल सोडलेले आसन, खाली घोट्याकडचे तोंड. या तोंडाच्या रुंदीवर आणि कापड कसे बेतले यावर प्रकार ठरतात. अलिगढी पायजमा सरळ आणि खाली निमुळता. चुडीदार उरेब बेततात, म्हणजे कापड तिरके धरून. त्यामुळे ते थोडे ताणले जाते आणि पोटरीवर घट्ट बसते. त्याची लांबी पायापेक्षा मुद्दाम जास्त ठेवलेली असते. जादा कापडाच्या घोट्याशी बांगड्यांसारख्या चुण्या पडतात, त्याच त्या चुड्या. अवधच्या घराऱ्याला, म्हणजे बायकांच्या घेरदार पायजम्याला, गुडघ्याशी जोड देऊन खाली अफाट घेर लावतात.

युरोपीय लोकांनी पायजमा हिंदुस्थानात उचलला तो घरात आरामात बसण्यासाठी आणि झोपण्यासाठी. यूल आणि बर्नेल यांच्या 1886 सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात हे स्पष्ट नोंदले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत इंग्लंडमधल्या पुरुषांच्या लांब झोपेच्या सदऱ्याची जागा त्याने घेतली. तिथे अर्थही सरकला: पायजमा म्हणजे खालचे वस्त्र न राहता सदऱ्यासकट पूर्ण जोड झाला. व्युत्पत्ती पाहिली तर पायातले वस्त्र गळ्यापर्यंत चढले! शिवाय ट्राउझर्सच्या चालीवर शब्द कायमचा अनेकवचनी झाला. इंग्रजीतून फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश असा तो पसरला, आणि फ्रेंचमार्गे चक्क इराणात परतला. आजच्या फार्सीत घरगुती सैल विजारीला ‘पिझामे’ म्हणतात. स्वतःचेच दोन शब्द परक्या उच्चारात परत घेण्याचा असा योग एखाद्या भाषेला क्वचित येतो.

महाराष्ट्रात विसाव्या शतकात धोतर मागे पडत गेले तसा पायजमा दोन जागी स्थिरावला. एक घरात: कचेरीतून आल्यावर बनियनखाली चढवायचा पट्ट्यापट्ट्यांचा सुती पायजमा. दुसरा चारचौघांत: खादीचा झब्बा-पायजमा, समाजवादी कार्यकर्त्यांच्या खांद्यावर शबनम पिशवीसह. झब्बा हादेखील अरबी ‘जुब्बा’च. पुढाऱ्यांनी नेहरू शर्टाखालचा पायजमा कडक इस्त्रीचा केला, आणि घरातल्या पट्टेरी पायजम्याची जागा नाडीऐवजी इलॅस्टिक असलेल्या नाइट पँटने बरीचशी घेतली.