पावणेतीन मिलिमीटरचा फरक

आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमध्ये १,६७६ मिलिमीटर अंतर असतं. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं, म्हणजे १:८७ प्रमाणाचं मॉडेल करायचं तर त्याला ८७ने भागलं की १९.२६ येतात. दुकानात 'एचओ' म्हणून मिळणारा मॉडेलचा रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचा. टेबलावर डेक्कन क्वीन पळवायचं मनावर घेतलेला माणूस या पावणेतीन मिलिमीटरांपाशी आज ना उद्या अडतोच. ब्रॉडगेजचा डबा त्या अरुंद रुळावर ठेवला, की लठ्ठ माणूस पाय जुळवून उभा राहिल्यासारखा दिसतो. रेल्वे मॉडेलच्या छंदात घरगुती थ्रीडी प्रिंटर एवढा का रुजला, याचं अर्धं उत्तर या फरकात आहे.

एकोणिसाव्या शतकात पत्र्याची आगगाडी करणारा प्रत्येक कारखाना आपल्या मनाच्या मापाने रूळ करायचा. एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर चालत नसे. जर्मनीतल्या गॉपिंगेन गावच्या मार्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक, क्रमांक दिलेली मापं मांडली. रूळ, सांधे, डबे सगळं एकाच मापाचं, आज थोडं घ्या, पुढच्या नाताळात वाढवा. पुढे या मापांना 'शून्य' नावाचं आणखी लहान माप जोडलं गेलं, रुळांतलं अंतर ३२ मिलिमीटर. घरं लहान होत गेली तसं तेही मोठं वाटू लागलं. १९३५ साली न्युरेंबर्गच्या ट्रिक्सने आणि पाठोपाठ मार्कलिनने शून्याच्या निम्म्या मापाच्या गाड्या बाजारात आणल्या. निम्मं शून्य, म्हणजे हाफ झिरो, तेच एचओ. साडेसोळाला ८७ने गुणलं की १,४३५ मिलिमीटर येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेतलं स्टँडर्ड गेज. त्यांचं गणित बरोबर जमलं. आपलं त्यात कुठेच नव्हतं, आणि असण्याचं कारणही नव्हतं.

गंमत म्हणजे इंग्रजांचंही जमलं नाही. त्यांचे बोगदे नि पूल अरुंद, म्हणून इंजिनं अंगाने लहान. १:८७ प्रमाणात केलेल्या इंग्रजी इंजिनाच्या पोटात त्या काळची मोटर बसेना. मग त्यांनी इंजिन १:७६ केलं आणि रूळ ठेवला तोच, साडेसोळाचा. म्हणजे खऱ्या मापात धरलं तर चार फूट साडेआठ इंचांच्या जागी चार फूट दीड इंच. १९३८च्या हॉर्नबी डब्लोपासून आजपर्यंत इंग्लंडच्या दुकानांत ही तडजोड विकली जाते. काही जणांना ती सोसवली नाही. त्यांनी आधी ईएम नावाचं थोडं रुंद माप काढलं, आणि १९६६ साली थेट १८.८३ मिलिमीटरचं 'प्रोटोफोर'. त्याची किंमतही मोजली: चाकं, आस, सांधे, सगळं हाताने करायचं किंवा छोट्या कारागिरांकडून मागवायचं.

कारखाने असल्या हट्टाकडे बघत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही. प्लॅस्टिकच्या डब्यासाठी पोलादी साचा लागतो. साच्याचा खर्च लाखांच्या घरात, तो निघायला हजारो नग खपावे लागतात. ज्या गाडीला गिऱ्हाईक दोनशे, तिचा साचा कोण करणार? अशा गाड्या हौशी माणसं पितळी पत्रा कापून, प्लॅस्टिकच्या शिट्स चिकटवून करत आली. पुढे तेजाबाने कोरलेले पितळी भाग आले, सिलिकॉन रबराच्या साच्यात रेझिन, म्हणजे नंतर घट्ट होणारं पातळ प्लॅस्टिक, ओतण्याची युक्ती आली. पण पहिला नमुना हातानेच घडवावा लागे. खिडक्यांची ओळ एक केसभर तिरपी गेली तर ती पुढच्या प्रत्येक प्रतीत तशीच.

भारतात तर कच्च्या मालापासून अडचण. परदेशी मॉडेल महाग, आणि मिळालं तरी ते जर्मन नाहीतर अमेरिकन गाडीचं. त्या परिस्थितीतही पुण्यात भाऊ जोशी यांनी वर्षानुवर्षं खपून लघुरेल्वेचं एक अख्खं शहर उभं केलं. १९९८ पासून ते कोथरूडच्या संग्रहालयात बघायला मिळतं. आज चाळिशीत असलेल्या कितीतरी पुणेकरांना या छंदाची लागण तिथेच झाली.

प्रिंटरची गोष्ट वेगळ्याच रुळावरून येते. जपानमधल्या नागोयाच्या हिदेओ कोदामा यांनी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनचे थर रचून वस्तू करण्याची पद्धत १९८१च्या सुमारास मांडली, पण पेटंटची पुढची कागदपत्रं वेळेत झाली नाहीत. अमेरिकेत चक हल टेबलांच्या पृष्ठभागावर अतिनील दिव्यांनी लेप सुकवणाऱ्या कंपनीत होते. त्यांनी त्याच कल्पनेचा अर्ज १९८४ साली केला, १९८६ साली पेटंट मिळालं. दुसरी वाट स्कॉट क्रम्प यांची. मुलीसाठी गोंदाच्या गरम बंदुकीने खेळण्यातला बेडूक करताना त्यांना ती सुचली, असं सांगतात. प्लॅस्टिकची तार वितळवायची आणि थरावर थर घालत जायचा, चकलीच्या सोऱ्यासारखं. तिचा अर्ज १९८९चा. पुढची वीस वर्षं ही यंत्रं मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांतच राहिली.

२००५ साली इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी 'रेपरॅप' हा प्रकल्प सुरू केला: आपलेच बरेचसे भाग स्वतः छापणारं यंत्र, आराखडे सगळ्यांना खुले. 'डार्विन' नावाच्या त्यांच्या पहिल्या यंत्राने २००८च्या मे महिन्यात आपलं पहिलं अपत्य जन्माला घातलं. पुढच्याच वर्षी क्रम्प यांच्या मूळ पेटंटची मुदत संपली आणि स्वस्त यंत्रांची रीघ लागली. दरम्यान नेदरलँड्समध्ये २००७ साली फिलिप्समधून निघालेली शेपवेज ही कंपनी लोकांनी संगणकावर काढलेल्या वस्तूंच्या फायली छापून घरपोच देऊ लागली होती. घरी यंत्र नसलेल्या रेल्वेवाल्यांनी तिचा भरपूर फायदा घेतला. नायलॉनची भुकटी जोडून केलेले ते डबे खरखरीत निघत आणि पॉलिश पेपरने घासून बोटं झिजत, तरी दुकानात न मिळणारं इंजिन हातात येई. ती कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, नंतर जुन्याच मंडळींनी तिचा काही भाग पुन्हा उभा केला.

वितळत्या तारेच्या यंत्राने खडी, फलाट, पूल, घाटातल्या भिंती झकास होतात. इंजिनाला ते पुरत नाही. खऱ्या इंजिनावरचा २० मिलिमीटरचा रिव्हेट १:८७ मध्ये पाव मिलिमीटरचाही उरत नाही, आणि यंत्राचं तोंड असतं ०.४ मिलिमीटरचं. हा पेच २०१८च्या आसपास सुटला. मोबाइलच्या पडद्यासारख्या एलसीडीतून अतिनील प्रकाश गाळून रेझिन घट्ट करणारे छोटे प्रिंटर सामान्यांच्या आवाक्यात आले, ०.०५ मिलिमीटरचे थर देणारे. मूळ कल्पना कोदामा आणि हल यांचीच. त्यातही मेख होतीच. आपला आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा डबा २१.३ मीटर लांबीचा, म्हणजे १:८७ मध्ये साधारण २४५ मिलिमीटर. सुरुवातीच्या यंत्राची उंची दीडशेच्या आसपास. डबा दोन तुकड्यांत छापायचा आणि जोड शौचालयाच्या खिडकीशेजारी लपवायचा, ही युक्ती त्यातूनच आली. आणि आपल्या उन्हाचं काय! साध्या पीएलए प्लॅस्टिकचा जीव साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो. एप्रिलमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला माझा मालडबा संध्याकाळपर्यंत ओल्या पापडासारखा लवला होता.

याचा खरा लाभ कुणाला झाला, ते बघायचं तर 'खेकडा' घ्या. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२८ पासून आणलेलं हे विजेचं मालगाडीचं इंजिन, पुढे डब्ल्यूसीजी-१ म्हणून ओळखलं गेलेलं. बोर घाटातल्या मराठी माणसांनी त्याला खेकडा हे नाव दिलं. त्याच्या स्विस चुलतभावाचं, क्रोकोडाइलचं, एचओ मॉडेल मार्कलिन १९४७ पासून विकते आहे. खेकड्याच्या नशिबी तशी दुकानातली चलती कधी आली नाही. तीन तुकड्यांचं ते अंग, आडवे दांडे, जाळीच्या खिडक्या हाताने करताना भल्याभल्यांनी नाद सोडला असता. आता जुन्या आराखड्यावरून आणि संग्रहालयातल्या इंजिनाच्या फोटोंवरून संगणकावर ते एकदा काढलं, की पाहिजे तितक्या वेळा छापता येतं.

रुळाचंही तसंच. धातूचा रूळ विकतच घ्यावा लागतो, चाकंही. वीज रुळातून चाकात यायची तर तिथे प्लॅस्टिक उपयोगाचं नाही. मात्र रुळाखालच्या आडव्या स्लीपरांची पट्टी १९.२६च्या मापाने छापून त्यात रूळ सरकवता येतो. माथेरानची छोटी गाडी करणाऱ्यांचं बरं आहे. तिच्या रुळांतल्या ६१० मिलिमीटरला ८७ने भागलं की सात येतात आणि १९७२ पासून मिळणारा झेड मापाचा साडेसहाचा रूळ त्यांना जवळपास चालून जातो.

तरीही बरेच जण अजून साडेसोळावरच आहेत, आणि त्यांचंही मला पटतं. चार मित्रांच्या टेबलांवर साडेसोळाचा रूळ असेल, तर १९.२६चं इंजिन घेऊन तिथे जाणाऱ्याने ते नुसतं फलाटावर मांडून ठेवायचं. माझ्या डब्याच्या फाइलमध्ये म्हणूनच बोगी, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटी, दोन प्रकारच्या आहेत, एक रुंद आसाची आणि एक अरुंद. रविवारी निघताना चार स्क्रू काढून बदलायच्या.