‘सिद्ध वळू’ नेमकं कोणाला म्हणायचं?

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात गोऱ्हा पारखणारा जुना शेतकरी आधी दात बघायचा. मग वशिंड, खूर, शेपगोंडा, अंगावरचे भोवरे. एवढं सगळं पसंत पडलं तरी पैसे मोजायच्या आधी विचारायचा, "याची माय कुठं बांधलीय?" ती दुसऱ्या गावात असली तर तिथवर जायचा. कास कशी आहे, किती वेतं झाली, व्यायल्यावर पुन्हा वेळेत माजावर येते का, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचा. गोऱ्हा खच्ची करून बैल करायचा की वळू म्हणून राखायचा, ते त्यानंतर ठरायचं. वळूचे आनुवंशिक गुण आकड्यांत मोजण्याची जी चर्चा आज मराठवाड्यात सुरू आहे, तिची सुरुवात याच प्रश्नापासून होते.

मराठवाड्यातल्या देवणी गुरांचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे प्रकार रंगावरून पडले. लाल कंधारी या इथल्याच दुसऱ्या जातीची ओळखही रंगातच आहे. रंग डोळ्याला दिसतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड रंगावर आणि बांध्यावर झाली. ती वाया गेली असं नाही. काळ्या रानात दिवसभर औत ओढणारा बैल याच निवडीतून घडला. पण दूध, वाढीचा वेग, वेळेवर गाभण राहणं हे गुण कातडीवर लिहिलेले नसतात.

1970 नंतर संकरीकरणाची लाट आली. जर्सी आणि होल्स्टीनची रेतनं गावात पोचली आणि गावठी वळू मागे पडला. वळू गोठ्यात दिसेनासा झाला, हा त्या काळातला मोठा बदल. त्याच्या जागी द्रव नत्राच्या टाकीतली, गोठवलेल्या रेताची कांडी आली. मी लहानपणी पाहिलेलं आठवतं: टाकीचं झाकण उघडलं की पांढरी वाफ जमिनीवर सांडायची. रेतन करणारे काका चिमट्याने कांडी काढून कोमट पाण्यात धरायचे, आणि आजोबा विचारायचे, "कोणत्या गावचा आहे हा?" कांडीवर एक क्रमांक छापलेला असायचा. त्याच्याकडे बोट दाखवून काका म्हणायचे, "सिद्ध वळू आहे, दादा."

हा ‘सिद्ध’ शब्द नीट समजून घ्यायला हवा, कारण बहुतेक घोळ त्यातच आहे.

पैदासशास्त्रात सिद्ध वळू म्हणजे ज्याच्या मुली व्यायल्या, ज्यांचं दूध प्रत्यक्ष मोजलं गेलं आणि त्याच काळातल्या इतर गायींशी ताडून पाहिलं गेलं, असा वळू. देशी जातीत याला किती वेळ लागतो पाहा. वळू दोनेक वर्षांचा झाला की रेतन घ्यायचं, मुली जन्मायला नऊ महिने, त्या पहिल्यांदा व्यायला साडेतीन-चार वर्षं, आणि वर एक वेत. निकाल हाती येईतो वळू आठ वर्षांचा होतो. गावात मात्र ‘सिद्ध’ म्हणून जो खपतो, तो बहुतेक वेळा उंच वंशावळीचा वळू असतो. म्हणजे त्याच्या आईने एका वेतात अमुक लिटर दूध दिलं, एवढीच त्याची ओळख.

आईचं दूध हा काही खोटा आकडा नाही, पण तो फार दूरवर पोचत नाही. समजा, एका फार्मवरची सरासरी 1500 लिटर आहे आणि वळूच्या आईने 2000 दिलं. हे जादा 500 लिटर सगळं तिच्या रक्तातलं नसतं. चारा, पेंड आणि पाणी यांचा वाटा मोठा असतो. आनुवंशाचा वाटा 30 टक्के धरला तर उरले 150. त्यातलं निम्मं वळूला मिळतं, म्हणजे 75. त्यातलंही निम्मं त्याच्या मुलीला, म्हणजे साधारण 37 लिटर. आपल्या गोठ्यात जन्मणाऱ्या कालवडीसाठी त्या 500 लिटरचा अर्थ एका अख्ख्या वेतात 37 लिटर एवढाच. त्यातही सख्खे भाऊ एकसारखे निघत नाहीत. ‘आई 2000 लिटरची’ असं सांगून कांडी विकणाऱ्याने हे गणित शेतकऱ्यापुढे मांडलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

मांसासाठी गुरं पाळणाऱ्या देशांनी हा गुंता आधी सोडवला, कारण त्यांच्याकडे वजनकाटा होता. अमेरिकेत 1970 च्या दशकापासून मांसल जातींच्या वळूंची तुलना त्यांच्या संततीच्या फरकावर होऊ लागली: या वळूची वासरं त्या वळूच्या वासरांपेक्षा दूध तुटताना सरासरी किती किलो जास्त भरतील. ऑस्ट्रेलियात 1985 मध्ये राष्ट्रीय पातळीवर अशी पद्धत आली. जन्माचं वजन, दूध तुटतानाचं वजन, वर्षाचं वजन, असे वेगवेगळे आकडे. आंध्रातून गेलेल्या ओंगोल गुरांपासून ब्राझीलने नेलोर ही जात घडवली आणि तिलाही याच मापाने निवडलं. पुढे 2001 मध्ये जनुकीय खुणांवरून थेट पैदासमूल्य, म्हणजे जनावर आपल्या संततीला किती गुण देईल याचा अंदाज, काढण्याचं गणित मांडलं गेलं, आणि 2009 पासून अमेरिकेतल्या दुधाळ गुरांच्या अधिकृत मूल्यांकनात त्याचा वापर सुरू झाला.

आपल्याकडे 5 ऑक्टोबर 2024 रोजी हिंगोलीला लागून असलेल्या वाशिममध्ये देशी गायींसाठी जनुकीय खुणा वाचणाऱ्या ‘गौ चिप’चं लोकार्पण झालं. वासराच्या रक्ताच्या किंवा केसांच्या नमुन्यावरून त्याचं पैदासमूल्य सांगता येईल, आठ वर्षं थांबावं लागणार नाही, ही त्यामागची आशा. आशा खरी आहे. पण चिप स्वतः काही मोजत नाही. कोणत्या खुणेमागे किती दूध किंवा किती वजन, हे तिला हजारो मोजलेल्या जनावरांकडून शिकावं लागतं. गीर किंवा साहिवालच्या नोंदींवर शिकलेलं गणित लाल कंधारीला जसंच्या तसं लागू पडत नाही. आणि नांदेड जिल्ह्यातल्या कंधार, मुखेड, लोहा भागात घरटी एक-दोन गायी. तिथे दूध मोजायला महिन्यातून एकदा कोणीतरी दारात उभं राहिलं पाहिजे. कानात बारा अंकी पिवळा बिल्ला आला, पण त्या क्रमांकापुढे नोंदी भरल्या तरच त्याचा उपयोग.

त्याहून मोठा प्रश्न, मोजायचं काय? सगळा भर दुधावर आहे. देवणी एका वेतात सरासरी हजार लिटरच्या आत, लाल कंधारी त्याहून कमी. दुधाच्या एकाच फूटपट्टीने मापलं तर या जाती कायम हरलेल्याच दिसणार. महाराष्ट्राच्या 1976 च्या पशुसंरक्षण कायद्यात 2015 मध्ये दुरुस्ती होऊन गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही पूर्ण बंदी आली. ट्रॅक्टर आधीच आला होता, म्हातारा बैल विकायची वाट बंद झाली, आणि आता सुमारे 90 टक्के कालवडीच देणारं रेतन मिळतं. गोऱ्ह्याला मोजण्याचं कारणच कोणाला उरलं नाही.

माझ्या मते इथेच चूक होते आहे. बैलाची ओढ त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी असते. म्हणजे मांसवाल्यांनी ज्या वजनाच्या नोंदी पन्नास वर्षं ठेवल्या, त्याच नोंदी औताच्या बैलालाही हव्यात. आपल्या कायद्याच्या आणि शेताच्या चौकटीत वजनाचा अर्थ कत्तल नसून ताकद आहे. उस्मानाबादी शेळीत बोकडाचं वजन महिन्यांच्या हिशेबाने मोजायची सवय आता रुजते आहे, कारण किलोचा भाव रोख मिळतो. गोऱ्ह्याच्या बाबतीत ती रुजली नाही.

यंदा मुखेड तालुक्यात एका गोठ्यात मी पाहिलं. घरच्या सुनेने शिवणकामाची टेप घेतली, लाल गोऱ्ह्याच्या पुढच्या पायांमागून, वजनाचा अंदाज ज्यावरून येतो तो छातीचा घेर घेतला आणि आकडा मुलाच्या जुन्या वहीत लिहिला. वरच्या ओळीत मागच्या महिन्याचा घेर होता, त्याच्या वर गोऱ्ह्याच्या मायचं नाव आणि वेत. वळूच्या जागी कांडीवरचा क्रमांक उतरवून ठेवला होता. "कुणी विचारत नाही अजून," ती म्हणाली, "पण विचारलं तर सांगता यावं."