आल्या पावली परतणारा सिग्नल

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-2 च्या सुमारे 172 मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन फिरतात. प्रकाशाच्या रूपात गमावलेली ऊर्जा त्यांना 505.8 मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी दर फेरीला परत देतात, तीही नेमक्या क्षणी. नेमका क्षण सांभाळण्याचा हाच प्रश्न लहान आकारात इथल्या एखाद्या हौशी माणसाच्या टेबलावरही असतो. ओव्हनमधल्या, म्हणजे कायम एकाच तापमानाला ठेवलेल्या क्वार्ट्झचा 10 मेगाहर्ट्झचा चांगला ऑसिलेटर (एकसारखी लहर देणारं यंत्र) आहे, आणि काउंटर, सिंथेसायझर अशा तीन-चार यंत्रांना त्याचाच सिग्नल पुरवायचा आहे. त्यासाठी लागतो आयसोलेशन अ‍ॅम्प्लिफायर: सिग्नल पुढे जाऊ देणारा, पण मागे येऊ न देणारा.

केबल फोडून सगळ्यांना दिली तर काय बिघडतं? एका टोकाचा बीएनसी कनेक्टर काढला की तिथला 50 ओहमचा भार जातो आणि सिग्नल टोकावर आपटून आल्या पावली परततो. तो मूळ लहरीत मिसळला की बाकीच्या यंत्रांकडे जाणारी फेज, म्हणजे लहरीच्या चढउताराची वेळ, सरकते. मिसळलेलं व्होल्टेज मूळच्या फक्त शंभरावा हिस्सा, म्हणजे 40 डेसिबल खाली असलं, तरी फेज 0.01 रेडियनपर्यंत सरकू शकते. 10 मेगाहर्ट्झला हे साधारण 160 पिकोसेकंद झाले. एका सेकंदाच्या मोजणीत ही उडी सापडली तर दहा अब्जांत दीडेक भागाची चूक दिसते. उत्तम ओव्हन ऑसिलेटरची स्वतःची चलबिचल त्याच्या शंभरपट कमी असते! उलट्या वाटेवर 100 डेसिबलची अडवणूक केली, की तीच सरक 0.16 पिकोसेकंदावर येते. आयसोलेशन अ‍ॅम्प्लिफायर हवा तो यासाठी.

ट्रान्झिस्टरला बेस, एमिटर आणि कलेक्टर असे तीन पाय असतात. त्यातल्या बेस-कलेक्टरमध्ये काही पिकोफॅरडचा कपॅसिटन्स असतोच. कॉमन एमिटर जोडणीत (सिग्नल बेसमधून आत, कलेक्टरमधून बाहेर) याच फटीतून बाहेरचा सिग्नल मागे झिरपतो. कॉमन बेस जोडणीत (सिग्नल एमिटरमधून आत) बेस कपॅसिटरने ग्राउंडला बांधलेला असतो, त्यामुळे झिरपलेलं तिथेच जिरतं. 2एन3904 सारख्या स्वस्त ट्रान्झिस्टरचे असे दोन-तीन टप्पे ओळीने लावले की काम भागतं. फक्त त्या कपॅसिटरचे पाय अगदी आखूड कापायचे. ते लांब राहिले तर त्यांच्या इंडक्टन्समुळे बेस ग्राउंडवर राहतच नाही, आणि सगळं मुसळ केरात.

माझ्या मते खरं कसब नॉइज, म्हणजे सिग्नलमधली नको ती थरथर, दाबण्यात आहे. ट्रान्झिस्टरमधला मंद गतीचा फ्लिकर नॉइज करंट हलवतो, आणि करंटबरोबर फेजही हलते. एमिटरमध्ये काही ओहमचा रेझिस्टर बायपास न करता, म्हणजे त्याला समांतर कपॅसिटर न लावता ठेवला, की निगेटिव्ह फीडबॅकने ही हालचाल दबते. सप्लायचंही तसंच: कलेक्टरचं व्होल्टेज थरथरलं की बेस-कलेक्टरमधला तो कपॅसिटन्स बदलतो, म्हणून साध्या रेग्युलेटरनंतर आणखी एक फिल्टर लावावाच. ही काटकसर करू नये. 10 मेगाहर्ट्झ गुणत 505.8 पर्यंत नेले तर फेज नॉइज 34 डेसिबलनी वाढतो.

आउटपुटला ट्रान्सफॉर्मर असला तर यंत्रांच्या ग्राउंडमधून फिरणारा 50 हर्ट्झचा हम तुटतो. मात्र तीक्ष्ण ट्यून केलेलं सर्किट टाळावं. आपल्याकडच्या मे महिन्यात पहाट आणि दुपार यांच्या तापमानात एवढा फरक असतो, की त्याची फेज दिवसभर सरकत राहते.

तयार झाल्यावर तपासणी उलटीच करायची. एका आउटपुटमधून 10.001 मेगाहर्ट्झचा सिग्नल आत सोडायचा, न वापरलेल्या आउटपुटांना 50 ओहमचे टर्मिनेटर (भार देणाऱ्या टोप्या) लावायचे, आणि दुसऱ्या आउटपुटवर स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरने 10 च्या शेजारची ती रेघ शोधायची. ती जितकी ठेंगणी, तितकी अडवणूक चांगली.