पुस्तक वाचून माणूस बदलतो तो कधी? २१ दिवसांच्या आकड्यामागची पार्श्वभूमी

सेल्फ हेल्पची पुस्तकं कशी असतात ते सांगायची गरज नाही, घरटी एखादं असतंच. ती वाचून खरंच कुणाचं काही बदलतं का यावर मात्र वाद संपत नाही. माझं मत असं की बदलतं, पण कशामुळे ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

या प्रकाराला ज्या पुस्तकामुळे नाव पडलं ते सॅम्युएल स्माइल्सचं ‘सेल्फ-हेल्प’ १८५९ साली इंग्लंडमध्ये आलं. मुळात ती भाषणं होती. लीड्समधली गरीब घरची दोन-तीन पोरं हिवाळ्यातल्या संध्याकाळी एकमेकांना लिहायला-वाचायला, गणित शिकवायला जमायला लागली, संख्या वाढली तशी त्यांनी एक कळकट खोली भाड्याने घेतली, तिथे आधी पटकीच्या रुग्णांचं तात्पुरतं हॉस्पिटल होतं म्हणून कुणी घ्यायला तयार नव्हतं, आणि मग लेखकाला दोन शब्द बोला म्हणून बोलावलं. म्हणजे पोरं आधीच कामाला लागली होती, पुस्तक नंतर आलं. अमेरिकेत १९३६ साली डेल कार्नेगीचं जे पुस्तक गाजलं त्याच्याही मागे १९१२ पासून चाललेले संध्याकाळचे भाषणकलेचे क्लास होते.

आता ज्या आकड्याने सगळा घोळ घातलाय त्याकडे येऊ. २१ दिवसांत सवय लागते हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. हे आलं १९६० च्या एका पुस्तकातून, लेखक न्यूयॉर्कचा प्लॅस्टिक सर्जन. त्याच्या बघण्यात असं आलं की नाकाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला, किंवा पाय कापलेल्या माणसाला तो पाय अजून आहे असं वाटणं थांबायला साधारण २१ दिवस तरी लागतात. त्याने लिहिलं होतं ‘किमान, साधारण’. पुढच्या वक्त्यांनी आणि लेखकांनी ‘किमान’ गाळलं, ‘साधारण’ गाळलं, आणि पेशंटचं निरीक्षण सगळ्या सवयींचा नियम होऊन बसलं. ऑपरेशननंतर चेहऱ्याची सवय होणं आणि रोज पहाटे उठून पळायला जाणं या एकाच जातीच्या गोष्टी आहेत का, हे कुणी विचारलंच नाही.

रोजची सवय लागायला किती दिवस लागतात ते मोजलं लंडनमधल्या एका अभ्यासाने, २००९ साली. ९६ जणांनी स्वतःला हवी ती एकेक साधी गोष्ट निवडली, कुणी नाश्त्यानंतर ग्लासभर पाणी, कुणी रात्रीच्या जेवणाआधी १५ मिनिटं पळणं, आणि १२ आठवडे रोज नोंद ठेवली. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण पसारा १८ पासून २५४ पर्यंत. अभ्यास ८४ दिवसांचाच होता, त्यामुळे २५४ हा आकडा आलेख पुढे वाढवून काढलेला आहे, हे सांगायचं राहून जातं आणि आता ६६ चाही नियम बनवायला लोक निघालेत! मला त्यातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो वेगळाच, एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

आपल्याकडे २१ इतका चटकन पटला त्याचं एक कारण मला वाटतं की एकवीस मोदक, एकवीस दूर्वा, हा आकडा आपल्या ओळखीचाच. त्यात मार्च २०२० चा पहिला लॉकडाऊन नेमका २१ दिवसांचा निघाला, मग काय, फॉरवर्ड सुरू. पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये टेबलावर चिकटवलेले २१ चौकोनांचे कागद मी पाहिलेत, काही दिवस टिकमार्क आणि मग एक खाडा, त्यापुढे सगळं कोरं. एका खाड्यासाठी पोरं स्वतःला नालायक ठरवतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण चूक पोरांची नाहीये, आकड्याची आहे.

नुसत्या प्रेरणेचं काय होतं तेही तपासून झालंय. २००२ सालच्या एका ब्रिटिश प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट होते. ज्यांना व्यायामाचं महत्त्व पटवणारं काही दिलंच नाही त्यांच्यातले ३८ टक्के त्या आठवड्यात व्यायाम करून आले, ज्यांना ते वाचायला दिलं ते ३५ टक्के, आणि ज्यांनी वाचून शिवाय ‘अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी’ असं स्वतःच्या हाताने लिहिलं ते ९१ टक्के. १९८० साली एका मानसोपचारतज्ज्ञाने लिहिलेलं नैराश्यावरचं पुस्तकही असंच पेन्सिल घेऊन सोडवायचं होतं, डोक्यातला विचार एका रकान्यात, त्याला उत्तर दुसऱ्यात. पुढे साठीच्या पुढच्या लोकांवर ते तपासलं तेव्हा पुस्तक हातात देऊन सोडून दिलं नव्हतं, दर आठवड्याला छोटासा फोन यायचा, कुठपर्यंत आलात? त्या लोकांचं नैराश्य खरोखर कमी झालं.

इथूनच पुढे २००३ साली कार्डिफमध्ये डॉक्टर चिठ्ठीवर औषधासारखं पुस्तक लिहून द्यायला लागले आणि ते पुस्तक लायब्ररीत मिळायचं, २००५ ला ही योजना सगळ्या वेल्समध्ये गेली, २०१३ ला इंग्लंडमध्येही तसं सुरू झालं. यादीत पुस्तक घ्यायचं ते तज्ज्ञांनी पारखून, खपावर नाही. १९६७ च्या कायद्यामुळे आपल्याकडे गावोगाव सार्वजनिक ग्रंथालयं उभी राहिलीत, तिथे सेल्फ हेल्पचीही पुस्तकं असतात, आणि त्यातली कुठली पुस्तकं पेन्सिल हातात घ्यायला लावतात एवढी निवड जरी ग्रंथपाल आणि गावातल्या डॉक्टरने बसून केली तरी सुरुवात करता येईल.