रूट वर्ड्सची ही लिस्ट आली कुठून

सोलापुरात कुठल्याही स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जावा, इंग्लिशच्या वहीत एक लिस्ट असतेच, बायो म्हणजे जीवन, जिओ म्हणजे पृथ्वी, पोर्ट म्हणजे वाहून नेणं वगैरे वगैरे. पोरं घोकतात आणि मार्कही मिळतात, पण लॅटिन-ग्रीकची मुळं इंग्रजीत एवढी आली कशी हे सहसा कुणी सांगत नाही. ते माहीत असलं की लिस्ट कुठं चालते आणि कुठं तोंडावर पाडते हे आपोआप कळतं.

इंग्रजी मुळात लॅटिनची लेक नाहीच, ती जर्मॅनिक कुळातली, म्हणजे जर्मन, डच यांची बहीण. हे आपल्याकडं सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या माणसाला पटकन समजेल, कारण घरातली तेलुगू संस्कृत शब्दांनी गच्च भरलेली असली तरी ती द्रविड कुळातली, हे मद्रासचा कलेक्टर एलिस यानं १८१६ लाच दाखवून दिलंय. इंग्रजीचंही तसंच, हँड, वॉटर, ब्रेड, मदर हे घरचे शब्द आणि बाकीचा बराच माल बाहेरचा.

तो माल एका दमात आलेला नाही. ५९७ साली ख्रिस्ती धर्मप्रचारक आले त्यांच्याबरोबर चर्चची लॅटिन आली, मग १०६६ ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढं जवळपास तीनशे वर्षं दरबार नि कोर्टकचेरी फ्रेंचमध्ये, म्हणून जज, ज्युरी, टॅक्स हे सगळे फ्रेंचच्या वाटेनं आलेले. फ्रेंच म्हणजे लोकांच्या तोंडात घासून गुळगुळीत झालेली लॅटिन, त्यामुळं या शब्दांत मूळ शोधायला गेलं की दमछाक होते.

खरी लिस्टवाली भरती झाली १५०० नंतर. पंडित मंडळींनी पुस्तकातून लॅटिन-ग्रीक शब्द जसेच्या तसे उचलायला सुरुवात केली आणि त्यावर तिथंही भांडणं झाली, १५५३ मध्ये थॉमस विल्सननं असल्या शब्दांची चांगलीच टर उडवली होती, दौतीतले शब्द म्हणून. १६०४ ला रॉबर्ट कॉड्रेनं अडीचेक हजार शब्दांचा कोश काढला, इंग्रजीचा इंग्रजीतच अर्थ सांगणारा हा पहिला कोश मानतात, आणि तो कठीण शब्दांचाच होता, बायकांसाठी आणि कमी शिकलेल्यांसाठी असं पहिल्या पानावरच छापलेलं. म्हणजे खुद्द इंग्रजांनाही हे शब्द समजावून सांगायला लागत होते, आपण उगाच लाजतो!

पुढं सायन्सवाल्यांनी तर शब्द बसून बनवले. आपल्या गावाचाच शब्द घ्या, टेक्स्टाईल. लॅटिनमध्ये टेक्सेरे म्हणजे विणणं, त्यातून टेक्स्टाईल, टेक्स्ट, टेक्स्चर, कॉन्टेक्स्ट, आणि फ्रेंचमधून फिरून आलेला टिश्यू. १८०० च्या सुमारास बिशा नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं शरीरातल्या पडद्यांना, थरांना हाच कापडाचा शब्द वापरला, आणि १८१९ ला मायर या जर्मन प्राध्यापकानं त्या अभ्यासाला नाव दिलं हिस्टॉलॉजी, कारण ग्रीकमध्ये हिस्टोस म्हणजे माग, मागावरचं कापड. सोलापूरची कापडाची जुनी मिल आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या मेडिकल कॉलेजचा एवढा जवळचा संबंध असेल असं वाटलं होतं का? असल्या मुद्दाम घडवलेल्या शब्दांवर लिस्ट सगळ्यात भारी चालते, म्हणून मेडिकलच्या पोरांना तिचा जेवढा फायदा तेवढा बाकी कुणाला नाही.

मुळं वेगळी शिकवायची वेळ मात्र उशिरा आली. इंग्लंडच्या ग्रामर स्कूलमध्ये ग्रामर म्हणजे लॅटिनचंच, तिथं लिस्टची गरजच नव्हती. मग ग्रीकची सक्ती गेली, केंब्रिजला १९१९ आणि ऑक्सफर्डला १९२०, लॅटिनची १९६० च्या आसपास, आणि भाषा गेली तिथं लिस्ट आली. अमेरिकेत १९४९ ला नॉर्मन लुईसचं मुळांवरून शब्द शिकवणारं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे पुस्तक निघालं, ते आपल्याकडं अजून फूटपाथवर मिळतं.

आता दगा कुठं. पेड म्हणजे लॅटिनमध्ये पाय, म्हणून पेडेस्ट्रियन, पण पेडियाट्रिक्समधला पेड ग्रीक, त्याचा अर्थ मूल. ऑक्सिजन म्हणजे आम्ल तयार करणारा, हे नाव लाव्हॉझिएनं चुकीच्या समजुतीवर ठेवलं आणि तेच चिकटलं.

आपल्याला एक जादा सोय आहे ती संस्कृतची, डेंटल आणि दंत, पेडल आणि पद, नेव्ही आणि नौ. पण इथंच व्हॉट्सॲपवाले घोळ घालतात, नेव्हिगेशन हा शब्द नवगती या संस्कृत शब्दावरून आला वगैरे. तो आलाय लॅटिन नाविस म्हणजे जहाज आणि आगेरे म्हणजे हाकणं यांच्यावरून. नौ आणि नाविस ही भावंडं आहेत, त्यातलं कुणी कुणाचं लेकरू नाही, आणि संस्कृत, ग्रीक, लॅटिन या तिघींचा उगम एकच असावा, आणि ती भाषा बहुतेक आता उरलेली नाही, हे तिथला इंग्रज जज विल्यम जोन्स कलकत्त्यात १७८६ सालीच बोलून गेलाय.